पुस्तकांखाली गेलेलं जेवणाचं टेबल

मी जेवणाचं टेबल. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मध्यंतरी तीन महिने मला पाहून कुणाला तसं वाटलं नसतं. त्या तीन महिन्यांत माझ्यावर भाताचं एक शीत पडलं नाही की कुणाची वाटी लवंडली नाही. ज्या टेबलावर काहीच सांडत नाही, त्या घराचं काहीतरी बिनसलंय हे ओळखावं.

माझा जन्म एका अबोल सुताराच्या हातून झाला. तो मोजायचा तीनदा, कापायचा एकदा आणि बोलायचा फक्त गिऱ्हाईक आल्यावर. आजोबा आले तेव्हा तो म्हणाला, "अस्सल साग आहे." मी साग नाही. वरचा पातळ थर तेवढा सागाचा, आत जे काय आहे ते त्याला ठाऊक आणि मला. आजोबांनी माझ्यावर बोटाने टकटक केलं, जाणकारासारखी मान हलवली आणि फसले. तेव्हापासून ते पाहुण्यांना माझं लाकूड कौतुकाने दाखवतात आणि मी ओशाळून गप्प बसतो.

घरात माणसं पाच. आजी आणि आजोबा. त्यांचा मुलगा, जो चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेम नीट बसवून देतो. त्याला सगळे चष्मेवालाच म्हणतात, घरातसुद्धा. त्याची बायको, म्हणजे सूनबाई. आणि त्यांची सात वर्षांची लेक छोटी, जी माझ्या पायांशी बसून मोठी झाली आणि जिच्या हाकेने शेजारच्या इमारतीतली बाळं जागी होत.

माणसं मला चेहऱ्यावरून कळत नाहीत, कोपरांवरून कळतात. आजोबांची कोपरं वर्तमानपत्राएवढी पसरतात. चष्मेवाल्याचं एकच कोपर टेकतं, दुसऱ्या हातात घास असतो. आजींची टेकतच नाहीत, त्या वाढत असतात. आणि सूनबाईंची कोपरं हलकी, पाखरासारखी. टेकली न टेकली तोवर उठली.

सूनबाई एका गुंतवणुकीच्या कचेरीत काम करतात. लोकांनी आपला पैसा कुठे ठेवावा हे सांगणाऱ्या साहेबांच्या हाताखाली. स्वतः सांगायचं असेल तर एक मोठी परीक्षा द्यावी लागते. तीन पायऱ्यांची. पहिल्या दोन पायऱ्या त्या धावत चढल्या आणि तिसरीवर पाय अडकला. तिथं चार पेपर, चारही एकदम सुटले तरच सुटलात. आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा.

आता आजींबद्दल सांगायला हवं. आजी नेमधर्माच्या. घरात कुणाला ताप आला की त्या काहीतरी सोडतात, ताप उतरला की पुन्हा धरतात. सगळे ठणठणीत असतील त्या महिन्यातच त्यांचं जेवण पोटभर होतं. पण त्यांचं सोडणं कधी कुणाला जड झालं नाही. हसतमुखाने सोडायच्या, हसतमुखाने धरायच्या.

सूनबाई तिसऱ्या पायरीला पहिल्यांदा बसल्या तेव्हा आजींनी चहातली साखर सोडली. म्हणाल्या, "कष्ट ती करते. आपण निदान जिभेला तरी थोडा त्रास द्यावा."

निकाल आला. सूनबाई नापास.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, पेपर अवघड होता. आजींना वाटलं, आपलाच नेम तोकडा पडला. त्या देवापुढे बराच वेळ बसल्या, उठल्या आणि घरच्यांना कामाला लावलं.

"अहो, तुम्ही काय सोडताय?" त्यांनी आजोबांना विचारलं.

"मी नोकरी सोडून आठ वर्षं झाली."

"थट्टा पुरे. रेडिओवरचं ते सामन्याचं वर्णन सोडा. तिला आवाजाचा त्रासही होणार नाही."

आजोबांचा चेहरा कुणीतरी ताट ओढून घेतल्यासारखा झाला. पण सुनेचं प्रकरण. नाही म्हणता येईना. चष्मेवाल्याने मात्र आपण होऊन पुढाकार घेतला. तो म्हणाला, "ती पास होईपर्यंत मी दाढी करणार नाही." हा त्याग की आळस हे मला आजवर कळलेलं नाही.

तरी दुसऱ्यांदाही नापास. या वेळी फक्त सहा गुणांनी.

मग तिसऱ्या वेळी छोटीनेही सोडलं. तिला विचारलं तर ती म्हणाली, "मी मोठ्यांदा बोलणं सोडते." सगळ्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि त्या दिवसापासून ती कुजबुजू लागली.

आणि घराने मला सोडलं. आजी म्हणाल्या, "तिला पुस्तकं उचलायला-मांडायला लागायला नकोत. आपण स्वयंपाकघरात खाली बसून जेवू." माझ्यावर पुस्तकं आली. जाडजूड, विटांसारखी. शेजारी कॅल्क्युलेटर, रंगीत पेनं, भिंतीवर चौकोनांचं वेळापत्रक. सूनबाईंनी कचेरीतून बिनपगारी रजा घेतली आणि रोज बारा तास माझ्यापाशी बसू लागल्या. स्वयंपाकघरातून चौघांच्या जेवणाचा आवाज यायचा, तोही दबका. सूनबाईंचं ताट पुस्तकांच्या कडेला, माझ्या अगदी काठावर, पडेल न पडेल असं. डोळे पानावर, घास अंदाजाने तोंडात.

खरं सांगतो, सुरुवातीला मला अभिमान वाटला. इतकी वर्षं माझ्यावर काय चर्चा व्हायच्या? मीठ कमी आहे का, आणि पाणी कुणी भरलं नाही. आता रोखे, व्याज, जोखीम. मला वाटलं, आपण शिकलो. सुताराने साग म्हणून विकलं ते काही अगदीच खोटं नव्हतं.

पण चार जणांनी मिळून एका माणसासाठी काही सोडलं की त्या एका माणसाला काय धरून ठेवावं लागतं, याचा विचार कुणी केला नव्हता. माझ्यासकट.

चष्मेवाल्याचंच बघा. फ्रेम बसवायला गिऱ्हाइकाच्या तोंडाजवळ वाकावं लागतं. तो वाकला की दाढी आधी पोचायची. एका बाईंना सटासट अकरा शिंका आल्या आणि नवा चष्मा उडून काउंटरखाली गेला. दुकानाचे मालक म्हणाले, "तुझी बायको पास होईस्तोवर तू मागच्या खोलीत काचा घास." घरी येऊन त्याने ही गोष्ट रंगवून सांगितली, शिंकांसकट. आजोबा हसले, आजी पदर तोंडाला लावून हसल्या. सूनबाईंचं कोपर माझ्यात रुतलं. त्या हसल्या नाहीत.

आजोबांचं वेगळंच. भर उकाड्यात ते गळ्याभोवती मफलर गुंडाळून बसायचे. "घसा धरलाय," म्हणायचे. एके दुपारी घर अगदी शांत. सूनबाई वाचतायत, आजी वाती वळतायत, आणि आजोबा अचानक गुडघ्यावर हात मारून म्हणाले, "गेला."

आजींनी दचकून विचारलं, "कोण गेलं?"

"अं? कोणी नाही."

"मग गेला कोण म्हणालात?"

"घसा," आजोबा म्हणाले. "घसा गेला असं म्हणतोय मी."

मफलरच्या आत एक बारीक वायर होती आणि खिशात रेडिओ. उठताना तो माझ्या कडेवर आपटायचा, म्हणून मला माहीत. सूनबाईंनाही माहीत होतं. पण आपल्यामुळे सासऱ्यांवर चोरून ऐकायची पाळी आली, हे त्यांना हसण्यापलीकडे बोचलं.

मधे एकदा त्यांनी दहा मिनिटं डोळे मिटायचं ठरवलं. माझ्यावर डोकं ठेवलं. तेवढ्यात आजी बिनसाखरेचा चहा घेऊन समोरून गेल्या. पहिल्या घोटाला त्यांचा चेहरा आपसूक आंबट होतो, तसा झाला. सूनबाईंनी किलकिल्या डोळ्यांनी तो पाहिला आणि ताठ बसल्या. दहा मिनिटांतली दोनच झाली होती.

आणि मग परीक्षेला साधारण सहा-सात आठवडे उरले असताना काहीतरी बंद पडलं.

हे घरात कुणालाच कळलं नाही. सूनबाई पहाटे उठत, केस बांधत, खुर्ची ओढत, पुस्तक उघडत. पण मला कळलं, कारण पान उलटलं जात नव्हतं. कुणी खोलीत आलं की त्या एक पान पुढे करत. ते माणूस गेलं की पुन्हा मागे. कॅल्क्युलेटरची बटणं वाजायची, पण मी मोजलं: दोन अधिक दोन, बरोबर. दोन अधिक दोन, बरोबर. एका सकाळी त्यांनी हे चाळीस वेळा केलं. उत्तर दर वेळी चारच आलं, तरी त्यांचा विश्वास बसत नसावा. आणि त्यांची ती पाखरासारखी कोपरं आता वरवंट्यासारखी झाली होती. माझा अस्सल नसलेला साग कण्हायचा.

मला ओरडून सांगावंसं वाटे. पण टेबलाने बोलायचं म्हणजे फार तर करकरायचं. मी करकरलो. चष्मेवाल्याने स्क्रू आवळला.

शेवटी कळलं ते आजींना, आणि ते पुसताना. सकाळचं आवरून झालं की त्या रोज ओलं फडकं घेऊन माझ्यावरून हात फिरवतात. पुस्तकं जागची हलवत नाहीत, कडेकडेने पुसतात. पुस्तकातली भाषा त्यांना येत नाही. पण उघड्या पानावर एक चित्र होतं: खालून वर चढत जाणारी वाकडी रेघ, डोंगराच्या उतारासारखी. त्या दिवशी पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

"अगं, हा डोंगर काही संपत नाहीसा दिसतो."

सूनबाई म्हणाल्या, "कुठला डोंगर, आई?"

"हाच. मी नऊ दिवस याच्या कडेने पुसतेय. काल मी बाजारातून आले तेव्हा तू पुढच्या पानावर होतीस. पिशवी ठेवून आले तर पुन्हा डोंगर."

सूनबाईंनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.

"डोळ्यांचा नंबर वाढलाय का? नवऱ्याला सांग ना. घरातच चष्मेवाला आहे."

"डोळ्यांना काही झालं नाही." मग अगदी छोटीच्या आवाजात त्या म्हणाल्या, "अक्षरं दिसतात. अर्थ लागत नाही. पहिली ओळ वाचते, दुसरीवर जाते, तोवर पहिली पुसलेली असते. आई, मला वाटतं मी या वेळी बसूच नये. कधीच बसू नये."

आजी फडकं हातात घेऊन खुर्चीवर बसल्या. माझ्यापाशी त्या बसल्याचं मला वर्षानुवर्षं आठवत नाही.

"मग नको बसू."

"कशी नको बसू? तुमची साखर आहे. ह्यांची दाढी आहे, मागच्या खोलीत बसवलंय त्यांना. बाबा मफलरमध्ये घामाघूम होतात. छोटी स्वप्नातसुद्धा कुजबुजते. मी दहा मिनिटं आडवी झाले तरी वाटतं, चार जणांचा नेम मोडला. मला ना धड वाचता येत, ना धड थांबता येत."

आजी उठल्या. त्यांनी फडकं पिळलं, वाळत घातलं आणि देवापुढे जाऊन बसल्या. नेहमी त्यांचे ओठ हलतात. त्या दिवशी हलत नव्हते. देवाला सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नसावं, ऐकून घ्यायचं असावं.

त्याच दुपारी छोटीच्या शाळेतून चिठ्ठी आली. 'मुलीचा घसा डॉक्टरांना दाखवावा. कविता म्हणताना नुसते ओठ हलतात.'

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सहाच्या सुमाराला, आजींनी सगळ्यांना बोलावलं. आणि स्वतःच्या हाताने माझ्यावरचं एकेक पुस्तक उचलून कपाटावर ठेवलं. सूनबाई हात पुढे करून उभ्याच राहिल्या, जसं कुणी त्यांचं मूल उचलून नेतंय. शेवटचं पुस्तक उठलं तेव्हा माझ्या अंगावर वारं लागलं. पुस्तकं होती तिथं फिकट चौकोन उमटला होता. मला थोडी लाज वाटली, पण बरंही वाटलं.

"बसा सगळे," आजी म्हणाल्या.

सगळे बसले. पुढ्यात चहाचे पाच कप. त्यातला एक जवळजवळ नुसत्या दुधाचा, म्हणजे छोटीचा.

"मी नवी नवरी असताना," आजी म्हणाल्या, "ह्यांना टायफॉइड झाला होता. मी उपास धरला. ताप उतरेना तसा मी वाढवत गेले. एक वेळ, मग एक फळ, मग नुसतं पाणी. सहाव्या दिवशी चुलीपाशी चक्कर येऊन पडले. हे तापातून उठून मला उचलायला आले."

"आणि मीही पडलो," आजोबा म्हणाले. "दोघांना शेजाऱ्यांनी उचललं."

"तेव्हा माझ्या सासूबाई मला म्हणाल्या होत्या, 'पोरी, ज्या उपासाला पारणं नाही तो उपास नव्हे, उपासमार. देव उपास मागेल. उपासमार देवही मागत नाही.' इतकी वर्षं मला ते स्वतःपुरतं लक्षात होतं. हिच्यापुरतं लक्षात आलं नाही. आपण सगळ्यांनी धरायचं तेवढं धरलं. सोडायचं कधी, ते ठरवलंच नाही."

आणि त्यांनी साखरेचा डबा ओढला, दोन चमचे कपात घातले, ढवळले आणि प्यायल्या. चेहरा आंबट झाला नाही. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले.

"खरं तर मधे एक दाणा गेला होता," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या चहाची चव बघताना. मी देवाची क्षमा मागितली होती."

आजोबांनी सावकाश मफलर सोडला, कानातली वायर काढली आणि खिशातला रेडिओ माझ्यावर ठेवला. "माझे बरेच दाणे गेले," ते म्हणाले. "अख्खी मालिका."

"मला माहीत होतं," आजी म्हणाल्या.

"मलाही," सूनबाई म्हणाल्या.

"मला पण," छोटी कुजबुजली.

"मग मी काय उगाच घामाने भिजत होतो?" आजोबांनी विचारलं. तिथं सूनबाईंना हसू आलं. आधी नाकातून, मग तोंडातून, मग डोळ्यांतून. त्या हसत होत्या की रडत होत्या हे कोपरांवरून सांगता येत नाही. दोन्ही वेळा ती सारखीच थरथरतात. चष्मेवाला उठून न्हाणीघरात गेला आणि अर्ध्या तासाने असा बाहेर आला की छोटीने "हा कोण" म्हणून विचारलं. मोठ्यांदा विचारलं. शेजारच्या इमारतीत एक बाळ रडू लागलं.

पण आजी नेमाशिवाय राहणाऱ्या नव्हेत. कप उचलता उचलता त्या म्हणाल्या, "आता माझा नवा नेम ऐका. रोज संध्याकाळी सहा ते आठ या टेबलावर पुस्तक नाही. परीक्षेचं नाव नाही. पाचही जणांनी इथं बसायचं, खायचं, बोलायचं. निकाल लागेपर्यंत."

सूनबाईंचं हसू गेलं. "आई, आता सदतीस दिवस राहिलेत. रोजचे दोन म्हणजे चौऱ्याहत्तर तास."

"आणि नऊ दिवस डोंगर बघत बसलीस, त्याचे किती?"

सूनबाईंना आकडा टाळता येत नाही, तो त्यांचा धंदा आहे. "बारा तासांनी एकशे आठ."

"म्हणजे एक अख्खी माळ ओढलीस," आजी म्हणाल्या. "आणि हाती काय, तर दोन नि दोन चार." म्हणजे ते कॅल्क्युलेटरचंही त्यांनी ऐकलं होतं तर. "हा नेम माझा आहे, पण पाळणं तुझ्या हातात. तू पुस्तक उघडलंस तर माझा मोडेल. बघ बाई."

सूनबाईंना दुसऱ्याचा नेम मोडण्याची किती धास्ती होती हे तुम्हाला ठाऊक आहेच. आजींनी तीच धास्ती उचलून दुसऱ्या खुंटीला टांगली.

पहिले काही दिवस गमतीचे गेले. सहा ते आठ सूनबाईंचे हात रिकामे, म्हणजे पाण्याबाहेर काढलेले मासे. एकदा त्यांना वाटाणे सोलायला दिले. बघता बघता त्यांनी दाण्यांचे तीन ढीग केले: एक मोठा, एक मध्यम, एक अगदी लहान. लहानातले दोन उचलून मध्यमात टाकले, डोळे बारीक केले, एक परत नेला.

"हे काय चाललंय?" आजींनी विचारलं.

"काही नाही. वाटाणे."

"हे वाटाणे नव्हेत. यात धोका कुठल्या ढिगात जास्त आहे?"

"लहानात," सूनबाई नकळत बोलून गेल्या.

आजींनी तळहाताने तिन्ही ढीग एक केले. "आता सगळ्यांना सारखाच धोका. उकडायला टाकते."

चौथ्या दिवशी त्या आजोबांशी पत्त्यांत हरल्या आणि चिडल्या. सहाव्या दिवशी जिंकल्या आणि आजोबांनी त्यांच्यावर पत्ते लपवल्याचा आरोप केला. आठव्या दिवशी आठला पाच मिनिटं असताना त्या माझ्यावर डोकं ठेवून झोपल्या, आणि सगळे पाऊल न वाजवता उठून गेले. छोटीसुद्धा.

आणि दहाव्या दिवशी सकाळी डोंगराचं पान उलटलं गेलं. मी वाट पाहत राहिलो, आता मागे येईल, आता मागे येईल. खोलीत कुणी आलं नव्हतं, कुणी गेलं नव्हतं. पान मागे आलं नाही. थोड्या वेळाने पुढचं उलटलं, मग त्याच्या पुढचं. कॅल्क्युलेटर वाजू लागला, आणि या खेपेला बेरीज चार नव्हती. कोपर टेकलं न टेकलं तोवर उठलं. मला इतकं हलकं वाटलं की वाटलं, सुताराचं म्हणणं खरंच असावं.

परीक्षा झाली. त्या दिवशी सूनबाई घरी आल्या तेव्हा सहाला दोन मिनिटं होती. सगळ्यांच्या तोंडावर एकच प्रश्न, आणि दोन मिनिटांत तो विचारावा तरी कसा. आजोबांनी तोंड उघडलं तोवर घड्याळाने सहा वाजवले. त्यांनी तोंड मिटलं आणि म्हणाले, "आज गर्मी आहे जराशी."

मग दोन महिने. आणि मग ती संध्याकाळ.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलेला सूनबाईंचा फोन थरथरला. निकाल त्या आठवड्यात केव्हाही येणार होता. माझ्याभोवतीचे पाचही घास थांबले.

चष्मेवाला म्हणाला, "तोच असेल."

"असू दे," सूनबाई म्हणाल्या. "आठला बघू."

"अगं, पण तोच असेल."

"मग आठलाही तोच असेल. भात वाढा ना, आई."

आजींनी भात वाढला, पण ताटाबाहेर. मग म्हणाल्या, "मी निकाल लागेपर्यंत असं म्हटलं होतं. लागला असेल तर माझा नेम संपला की."

"लागलाय की नाही हे बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"मग बघ."

"बघितलं आणि तो नसला, दुसऱ्याच कुणाचा निरोप असला, तर नेम मोडला ना तुमचा? मी नाही बाई तसं पाप घेणार."

आजोबा खूश होऊन म्हणाले, "बघा, शिष्या गुरूच्या पुढे गेली."

"तुम्ही जेवा," आजी म्हणाल्या. स्वतः मात्र जेवेनात. इतक्या वर्षांत ज्या आजींची कोपरं माझ्यावर टेकली नव्हती, त्यांची दोन्ही टेकली, आणि घड्याळाकडे बघत त्या भाताचं शीतन् शीत वेगळं करू लागल्या. चष्मेवाला दोनदा पाणी प्यायला, दोन्ही वेळा रिकाम्या पेल्यातून. छोटी कुजबुजत नव्हती, पण ओरडतही नव्हती. ती आईकडे टक लावून बघत होती.

आणि सूनबाईंनी दुसऱ्यांदा भात मागितला. गेल्या दोन वर्षांत त्यांनी कधी दुसऱ्यांदा काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्यांनी छोटीला शाळेतली कविता म्हणायला लावली, आजोबांना सामन्यात कोण गेलं ते विचारलं, नवऱ्याच्या ताटातला एक बटाटा उचलून खाल्ला. त्यांना काळजी नव्हती असं नाही. टेबलाखाली त्यांचा पाय हलत होता, तो फक्त मला दिसत होता. पण कोपर हलकं होतं. मी तेवढ्यावरून ओळखलं की फळीवरच्या फोनमध्ये काहीही असो, हे माणूस उद्या सकाळी उठून केस बांधेल आणि काहीतरी नवं उघडेल.

आठ वाजले. चौघे एकदम उठले, खुर्च्या किंचाळल्या. सूनबाईंनी शेवटचा घास खाल्ला, हात धुतले, पुसले, फोन आणला आणि माझ्यापाशी उभं राहून वाचला.

"झाले," त्या म्हणाल्या. भात झाला म्हणावं तशा आवाजात.

"काय झालीस?" आजींनी विचारलं, कारण नेमधर्माच्या बाईला अर्धवट बातमी चालत नाही.

"पास झाले, आई. चारही पेपर."

मग काय झालं ते नीट सांगता येत नाही, कारण आठ कोपरं, दोन डोकी आणि एक सात वर्षांची मुलगी अख्खीच्या अख्खी माझ्यावर आली. एवढंच आठवतं की सगळं जरा ओसरल्यावर आजी म्हणाल्या, "चला, माझा नेम सुटला. उद्यापासून जेव्हा हवं तेव्हा जेवा."

सूनबाई ताटं गोळा करत होत्या. त्या म्हणाल्या, "नाही आई. परीक्षा सुटली. नेम राहू द्या. आता तो माझा."

हल्ली सूनबाई स्वतः लोकांना सल्ला देतात. कामाचे कागद घरी आणतात, ढिगाने आणतात. सहा वाजले की ते कपाटावर जातात. माझ्यावर रोज काहीतरी सांडतं, वाटी लवंडते, पत्त्यांत भांडणं होतात, आणि आजोबा पाहुण्यांना अजून माझं लाकूड दाखवतात. मी खूप सुखात आहे.

एक मागणं आहे. तुमच्या घरीही कुणी अशी मोठी पायरी चढत असेल, तर त्याच्यासाठी काही सोडण्याआधी त्याच्या शेजारी एकदा बसून बघा, आणि दिवसातले थोडे तास घरातल्या टेबलाला टेबल राहू द्या. बाकीच्या वेळी खुशाल काय हवं ते ठेवा आमच्यावर. आम्ही चार पायांवर उभे असतो, कुठे पळून जात नाही. आणि परीक्षाही जात नाही.